आईवर प्रबंध लिहू का?

पत्र थोडक्यात असं: पुण्याच्या विद्यापीठात समाजशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी लिहिते. गाव बीड जिल्ह्यातलं. आई-वडील दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. लहानपणी तीही त्यांच्याबरोबर उसाच्या फडावर गेलेली आहे. पुढे आजीजवळ राहून शिकली. वर्गात हे कुणाला माहीत नाही, 'घरी शेती आहे' एवढंच तिनं सांगितलंय. मागच्या सत्रात एका वर्गमित्रानं हंगामी स्थलांतरावर सादरीकरण केलं. 'कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी' अशी व्याख्या पडद्यावर आली आणि सगळ्यांनी ती वहीत उतरवली. "ताई, मीसुद्धा उतरवून घेतली. नुसती बसून राहिले असते तर हिला आधीच माहीत आहे हे कळलं असतं." आता संशोधन प्रकल्पाचा विषय द्यायचा आहे. मार्गदर्शक मॅडमना तिच्या घरची माहिती कळली आणि त्यांनी प्रेमानंच सुचवलं, "तुझ्या आईसारख्या बायकांवर कर. तुझ्याइतकं चांगलं कोण लिहिणार?" तेव्हापासून तिला झोप नाही. विषय घेतला तर घर विकून मार्क मिळवल्यासारखं वाटतं, नाही घेतला तर घराची लाज वाटून पळाल्यासारखं. भाऊ फोनवर म्हणाला, "त्याला पुस्तकं कशाला लागतात? आम्हाला विचार की." अर्ज भरायला दोन आठवडे आहेत.

आधी त्या वहीतल्या ओळीबद्दल बोलू, कारण पत्रात ती तू दोनदा लिहिली आहेस. आपलं घर पडद्यावर येतं आणि आजूबाजूची मुलं त्याकडे नवी माहिती म्हणून बघतात, तेव्हा मान खाली घालून लिहीत राहणं हा खोटेपणा नाही. आपल्या घरची हकिगत वर्गापुढे मांडलीच पाहिजे असं देणं तू कुणाचं लागत नाहीस. आणि 'घरी शेती आहे' हे तरी खोटं कुठं आहे? पावसाळ्यात तुझे आई-वडील स्वतःच्या कोरडवाहू रानात राबतातच ना? त्या रानावर वर्ष निघत नाही म्हणून तर फडावर जावं लागतं. तू अर्धं सांगितलंस. उरलेलं अर्धं कधी आणि कुणाला सांगायचं, की सांगायचंच नाही, हे तुझं तू ठरव.

ती व्याख्या मात्र परत एकदा वाच. चुकीची नाही ती, पण जिथून पुढं विचार सुरू व्हायला हवा तिथंच थांबते. कोयता म्हणजे जोडी, म्हणजे दोन माणसं मिळून एक. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, जोडीवर ठरते आणि बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते. बाई पहाटे उठून भाकऱ्या थापते, फडात पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते, संध्याकाळी कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, आल्यावर पुन्हा चूल. तिची मजुरी किती, हे मात्र मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत वेगळं कुठंच नसतं. एकटा माणूस असेल तर तो 'अर्धा कोयता'. पूर्ण कोयता व्हायला लग्न लागतं, आणि मुलींची लग्नं लवकर उरकण्याशी याचा संबंध आहे असं अनेक अभ्यासकांनी सांगितलेलं आहे. मला हे सगळं वाचून आणि ऐकून कळलं. माझ्या घरात कुणी ऊस तोडलेला नाही, तेव्हा यापुढं मी जे म्हणेन ते बाहेरच्या बाईचं म्हणणं म्हणून वाच. वहीत त्या ओळीखाली, व्याख्येतून काय काय निसटलं ते लिहून काढ. दाखवायचं नाही कुणाला, तुझ्यापुरतंच.

आता अडचणीकडे येऊ. तू विचारतेस, आईवर प्रबंध लिहू की नको. मला यात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले दिसतात. ऊसतोडीच्या विषयाजवळ मला राहायचंय का? माझंच घर, माझीच माणसं ही अभ्यासाची जागा करायची का? आणि वर्गाला हे कळू द्यायचं का? तू तिन्हींना एकच उत्तर शोधते आहेस, म्हणून कुठलंही उत्तर घेतलं की दुसरीकडे टोचतं. पहिल्याला 'हो', दुसऱ्याला 'नाही' आणि तिसऱ्याला 'एवढ्यात नको' असं म्हणता येतं. त्यात पळून जाणं नाही आणि विकणंही नाही.

"तुझ्याइतकं चांगलं कोण लिहिणार?" या वाक्याशी मला थोडं भांडायचंय. मॅडमचा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही. पण वर्गात कोथरूडचा मुलगा असेल, तर त्याला 'तुझ्या सोसायटीत धुणीभांडी करायला येणाऱ्या बायकांचे पगार कसे ठरतात यावर लिही, तुझ्याइतकं कोण जाणणार' असं आपण सहसा सुचवत नाही. सुचवायला हवं. त्याला जग निवडायची मोकळीक आणि तुला मात्र तुझंच घर, ही वाटणी बरोबर नाही. तुला शहरी मतदारांवर लिहावंसं वाटलं, हॉस्टेलच्या मेसवर, नाहीतर लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळांवर, तर त्याबद्दल कुणाची माफी मागायची गरज नाही.

शिवाय आतला माणूस चांगलंच लिहितो हे पूर्ण खरं नाही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास हे मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्यांचे विद्यार्थी. १९४८ मध्ये ते म्हैसूरजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. मुलूख त्यांचाच, भाषाही येणारी. पण मुक्काम गावच्या पाटलाच्या जागेत होता, आणि आपण दलित किंवा मुसलमान वस्तीत राहिलो असतो तर हेच गाव वेगळं दिसलं असतं, हे त्यांनी स्वतः नमूद करून ठेवलंय. तूही एका जागेवरूनच बघतेस, मुलीच्या जागेवरून. तू मावशीला विचारलंस, 'उचलीचे पैसे कुणी ठरवले?' तर ती म्हणेल, 'तुला काय सांगायचं, तुला ठाऊकच आहे की.' परक्या बाईला ती बैजवार सांगेल. वडिलांना कर्जाबद्दल किंवा दारूबद्दल तू कुठल्या तोंडानं विचारणार? चुलत्यानं मुकादमाशी केलेला व्यवहार तुला समजला, तर तो लिहिशील का? घरचा विषय सोपा असतो हा समज आधी मॅडमच्या आणि मग तुझ्याही मनातून काढायला हवा. तो अवघड आहे. घ्यायचा तर अवघड आहे हे धरून घे.

मी विद्यार्थिनी असताना सोलापुरात बिडी वळणाऱ्या बायकांच्या मुलाखती घ्यायला गेले होते. हातात छापील प्रश्नावली, त्यात अठ्ठेचाळीस प्रश्न. एक बाई मांडीवर सूप घेऊन दारात बसली होती. तेंदूची पानं कापून ओल्या फडक्यात ठेवलेली, बोटं थांबत नव्हती. माझ्या प्रश्नांना ती नीट उत्तरं द्यायची, पण आठवून सांगायचं काही आलं की बोटं थांबायची. नवऱ्याचं काम कधी सुटलं, पहिलं मूल कितव्या वर्षी झालं, प्रत्येक वेळी बोटं थांबली. तासाभरानं मी वही मिटली. तिनं दिवसाच्या हजारातल्या किती झाल्या ते मोजलं आणि काही राग न धरता म्हणाली, "तुमच्या बोलण्यात माझ्या दीडशे गेल्या." मी नाव, वय, उत्पन्न सगळं लिहून घेतलं होतं. तिचे ते दीडशे माझ्या प्रबंधात कुठंच आले नाहीत. यायला हवे होते, ही चूक माझीच.

हे सांगते, कारण फडावरचा वेळ त्याहून महाग आहे. खाडा झाला की पैसे कापले जातात. रात्री गाडी भरायला उठावं लागतं. मुलाखतीला दिलेला अर्धा तास झोपेतून जातो. तुला हे सांगायची गरज नाही, पण तुझ्या वर्गमित्रांना आहे.

आणखी एक. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला सरकारनं समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. ते उजेडात यायलाच हवं होतं. पण तेव्हापासून पत्रकार, संस्था, अभ्यासक तिथं जात राहिले आहेत, आणि पिशवी का काढली हा एकच प्रश्न त्याच बायकांना पुन्हा पुन्हा विचारला गेलाय. तुझ्या आईसारख्या बायकांकडे बघायची तीच एक खिडकी आता वापरात आहे, त्यांच्या शरीराची आणि दुःखाची. माझ्या मते तुझी अस्वस्थता इथली आहे. तुला घराची लाज वाटत नाही. आईला त्या खिडकीत उभं करायला तुझं मन घेत नाही, आणि ते मला अगदी योग्य वाटतं.

मग मान वळवता येते. लॉरा नेडर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ मध्ये अभ्यासकांना विचारलं होतं की, गरिबांचा एवढा अभ्यास करता, तर ज्यांच्या हातात निर्णय आहेत त्यांचा का करत नाही? ऊसतोडीच्या बाबतीत हा प्रश्न अजूनही ताजा आहे. उचल ठरते कशी, कागद होतो का, कुणाची सही? वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, पैसे कुणाकडे जातात? जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती जोडीच्या हिशोबापर्यंत पोचली का? साखर कारखान्याच्या कागदांत तोडणी कामगार हा कामगार म्हणून दिसतो, की वाहतूक कंत्राटाच्या आत दडलेला असतो? गावात मागं राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू होतं का, आणि तिथं रात्री मुलांजवळ कोण असतं? यातल्या कुठल्याच प्रश्नाला आईची वेदना टेपवर घ्यावी लागत नाही.

फक्त एक इशारा देते आणि तो मनावर घे. ज्या मुकादमाची उचल तुझ्या घरानं घेतली आहे, त्याचा अभ्यास तू करायचा नाहीस. तू पुण्यात असशील, पुढच्या हंगामात त्याच्या टोळीत तुझी आई असेल. तालुका बदल, जमलं तर जिल्हा बदल. नाहीतर कुणाचीही मुलाखत न घेता होणारं काम घे. २०१९ पासून मराठी वर्तमानपत्रांनी या बायकांबद्दल काय लिहिलं, कुठले शब्द वापरले, कुणाला बोलू दिलं आणि कुणाला नुसतं फोटोत ठेवलं, हा वर्षभर पुरेल असा विषय आहे. तो विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून होईल आणि वर्गात तुला कुणी 'तू कशी काय तिकडची' असं विचारणार नाही. मला स्वतःला हा पर्याय तुझ्यासाठी सगळ्यात जास्त आवडतो. तुझ्या मनानं वेगळा कौल दिला तर तो धर.

आणि समजा, सगळा विचार करूनही तुला आईबरोबरच काम करायचं असेल, तर? तेही करता येतं. मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या. बरोबर चालणारी, बरोबर गाणारी माणसं जेवायला मात्र जातीनुसार वेगळी बसतात, हे त्यांनी लिहिलं, आणि ते बघताना आपल्याला काय झालं तेही लिहिलं. 'मी' लपवला नाही. तूही लपवू नकोस. पण त्याआधी आईला विचार. पत्रात तू मॅडमचं म्हणणं लिहिलंस, भावाचं लिहिलंस, आईचं एक वाक्यही लिहिलं नाहीस. मला वाटतं तिला अजून विचारलंच नाहीयेस.

पावसाळा आहे, ती घरी आहे. फोनवर नको, जाऊन ये. संमतीचा छापील कागद पुढं करू नकोस, सही आणि अंगठा यांचा तिच्या आयुष्यातला अनुभव काही बरा नसणार. साधं सांग की, मला कॉलेजात एक मोठं लिखाण करायचंय, त्यात तोडीचं लिहू का, त्यात तू असशील, तीन-चार माणसं वाचतील आणि ते ग्रंथालयात राहील. काय लिहायचं नाही तेही विचार. पहिल्यांदा ती 'लिही की, मला काय कळतंय त्यातलं' म्हणेल. त्याला होकार धरू नकोस. लिहून झाल्यावर तिच्याबद्दलचं प्रत्येक पान तिला मराठीत वाचून दाखव आणि ती जे काढ म्हणेल ते काढ. नाव बदललं की झालं, असंही समजू नकोस. शे-दोनशे उंबऱ्यांच्या गावात 'शांताबाई' म्हणजे कोण हे पहिल्या परिच्छेदात कळतं, आणि तू तिचीच मुलगी आहेस.

मॅडमशी बोलायला तू घाबरतेस, कारण गुण त्यांच्या हातात आहेत. भीती खरी आहे. तरी नुसतं 'मला हा विषय नको' म्हणू नकोस, ते ऐकणाऱ्याला नाकारल्यासारखं लागतं. कागदावर दोन-तीन प्रश्न लिहून ने. 'मला या विषयाजवळ राहायचंय, पण घरावर लिहायचं नाही. यातला कुठला प्रश्न वर्षभरात पेलेल?' असं विचार. चांगल्या शिक्षकाला विद्यार्थिनीनं स्वतःचा प्रश्न घेऊन येणं आवडतं. आणि घरची माहिती वर्गात निघू नये अशी इच्छा असेल, तर तेही त्याच बैठकीत स्पष्ट सांग.

इंग्रजीबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस, मीही थोडक्यातच सांगते. प्रकल्प मराठीतून देता येतो का हे विभागात आजच विचार. पुण्यात सामाजिक शास्त्रं मराठीतून लिहिण्याची जुनी वहिवाट आहे. तुझ्या विद्यापीठाच्याच आवारातल्या स्त्री अभ्यास केंद्रात समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी दोन्ही भाषांतून शिकवण्याचा आणि वाचायला देण्याचा आग्रह धरला होता. आधीचे पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर फुकट मिळतात. 'समाज प्रबोधन पत्रिका' या मराठी नियतकालिकाचे जुने अंक ग्रंथालयात मागून घे. इंग्रजी लेख वाचताना टिपणं मराठीत काढ. फडावरचे शब्द, उचल, खाडा, वाढं, पट्टा पडणं (हंगाम संपणं), हे तसेच ठेव. इंग्रजीत लिहायची वेळ आली तरी ते भाषांतरात हरवू देऊ नकोस. तिथं तू वर्गात कुणाच्याही मागं नाहीस.

झोपेचं मात्र हलकं घेऊ नकोस. विषय ठरल्यावरही झोप परतली नाही, तर विद्यापीठातल्या समुपदेशकांकडे जा किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतून बोल.

अशी पत्रं मला इतरांचीही येतात. सफाई कामगारांच्या वसाहतीतला मुलगा, वीटभट्टीवर वाढलेली मुलगी. तुमच्यापैकी कुणाला मार्गदर्शकानं 'तुमच्या समाजावरच लिही' असं सुचवलं असेल, तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. आठवडाभर प्रश्न लिहून बघा. जो प्रश्न तुम्हाला खरंच पडलाय, ज्याचं उत्तर तुम्हाला आज माहीत नाही, तो घ्या. जे आधीच पाठ आहे ते दुसऱ्यांना समजावून देण्यातच दोन वर्षं जाऊ देऊ नका.

राहिला तुझा भाऊ. त्याचं बोलणं तुला टोमण्यासारखं लागलं, कदाचित तो टोमणाच असेल. पण 'आम्हाला विचार की' असं अभ्यासकाला आपणहून म्हणणारी माणसं फार थोडी भेटतात. रविवारी त्याला फोन लाव आणि विचार, ३४ टक्के वाढ ठरल्यानंतर आपल्या हिशोबात किती फरक पडला? हिशोबाचा कागद असेल तर फोटो पाठव म्हणावं. कागदच नसेल, सगळा हिशोब मुकादमाच्या डायरीत आणि त्याच्या तोंडीच असेल, तर तेवढंच वहीत लिहून ठेव, तारीख घालून.